न वाचता केलेल्या सह्या

"पहिल्या पडद्यावर माझा फोटो हवा. अत्यंत तातडीचं," हॉस्पिटलचे संचालक म्हणाले, आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या केतकीने भिंतीवर एकविसावी चिठ्ठी चिकटवली. नव्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाला काय हवं, हे ती सकाळपासून बैठकीत एकेकाला विचारत होती. एकवीसच्या एकवीस चिठ्ठ्या अत्यंत तातडीच्या!

बाविसावी गावित सिस्टरांची. पेशंटला ज्या औषधाची ॲलर्जी असेल, त्याचं नाव सगळ्यात वर, लाल अक्षरांत दिसावं. मागच्याच महिन्यात एक बाई चुकीच्या इंजेक्शनने मरता मरता वाचली होती.

"ते नंतर बघू," संचालक म्हणाले. झाडून सगळ्या विभागप्रमुखांनी माना डोलावल्या. सिस्टर खाली बघत राहिल्या. केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने बैठकीचं इतिवृत्त टाइप केलं, प्रिंट काढली आणि कागद टेबलावर फिरवला. वाचला एकानेही नाही. चहाचे घोट घेत सगळ्यांनी नेहमीच्या झोकात सह्या ठोकल्या.

मग तिने तो मोठ्याने वाचला. "ॲलर्जीची सूचना सध्या नको. त्यापायी पेशंट दगावला, तर जबाबदारी खाली सही करणाऱ्यांची."

सगळ्यांचे कप हातातच राहिले.

"तो कागद इकडे द्या!" संचालक ओरडले.

केतकीने कागदाची घडी घातली आणि ती गावित सिस्टरांच्या मुठीत कोंबली.

"सिस्टर, तुमची चिठ्ठी पहिल्या नंबरला लागेपर्यंत हा सोडू नका."