उजवीकडचा बाण

फाट्यावरचा पिवळा बाण पाहिला आणि पेंटरचं तोंड कडू झालं. बाणाचं खालचं पातं वरच्यापेक्षा बोटभर लांब होतं. असा बाण काढायची खोड एकाच माणसाला होती, आणि तो माणूस आत्ता दोन पिशव्या खांद्याला लावून त्या बाणासमोर उभा होता.

"उजवीकडे," बायको म्हणाली. "किती रेखीव काढलाय बघा. नाहीतर आतापर्यंतचे बाण. कोंबडी चालून गेल्यासारखे."

डावीकडच्या दगडावर काही नव्हतं. म्हणजे बायकोला दिसत नव्हतं. पेंटरला सगळं दिसत होतं. राखाडीत चिमूटभर पिवळा, वरून चिंधीनं टिपलेला शेवाळी डाग, आणि खाली गाडलेला जुना बाण. गेल्या वर्षी हे काम उरकल्यावर तो चार पावलं मागे जाऊन स्वतःवरच खूश झाला होता. उजवीकडच्या वाटेवरच्या खाणावळवाल्यानं सांगितलं, जुनी वाट खचलीय, आणि यानं रंग कालवायला घेतला. वळणापर्यंत जाऊन बघायचे कष्ट घेतले नाहीत. आज बायको पाणी पीत असताना तो वळणापर्यंत गेला. वाट चांगली धडधाकट होती, झाडांच्या सावलीतून गेलेली.

मुक्काम डावीकडून तीन किलोमीटर, उजवीकडून नऊ.

आज चालण्याचा सतरावा दिवस होता. नात डोळ्यांच्या ऑपरेशनमधून बरी उठली तर घरापासून देवापर्यंत पायी येईन, गाडीत पाय ठेवणार नाही, असं बायको बोलून बसली होती. नात आता गोष्टीची पुस्तकं वाचत होती. वाट दोन दिवसांची उरली होती, आणि बायकोची डावी टाच कालपासून फुटली होती.

पेंटरला एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं घसा खाकरला.

"जरा बसू या का?" तो म्हणाला.

"बसले तर उठायची नाही मी. चला."

उजवीकडची वाट कोंबड्यांच्या शेडमागून जात होती. मेलेल्या कोंबड्यांचा खड्डा उघडाच होता. माश्या तिथून उठत आणि सरळ माणसाच्या ओठांवर येऊन बसत. बायकोनं नाकाला रुमाल लावला. पुढे सांडपाण्याचा ओढा, त्याच्या काठाकाठानं चिखल, आणि दर शंभर पावलांवर एक बाण. पेंटरला एकेका बाणाची किळस येत होती. त्याहून जास्त किळस स्वतःची येत होती, कारण पोटात कुठेतरी, रंग अजून कसा टिकलाय, याचं कौतुकही चाललं होतं.

"अहो, सकाळी वाटेत भेटलेले ते मास्तर म्हणाले होते, फाट्यापासून मुक्काम जवळच आहे."

"येईल आता."

"हा कसला वळसा म्हणायचा?"

"बाण आहेत ना," पेंटर म्हणाला, आणि त्याला थुंकावंसं वाटलं.

खाणावळ आली तेव्हा बायकोचा मोजा टाचेला चिकटून बसला होता. पेंटरनं पाणी घालून घालून तो सोडवला. मोज्याबरोबर कातडीही आली, आणि वास आला. बाकांवर असेच कितीतरी पाय ओळीनं पसरलेले होते, खिडकीच्या गजांवर असेच मोजे वाळत होते, आणि त्यांच्याच खाली लोक भुरके मारत जेवत होते. दाराशी एक जीप उभी होती, मुक्कामापर्यंत सोडणारी. पाय टेकेनासे झालेले लोक निमूटपणे तीत जाऊन बसत होते. इतका साधा धंदा होता.

"अरे, पेंटर!" खाणावळवाला तेलकट हात पोटाला पुसत आला. "मंडळी, हे बाण बघताय ना, ते सगळे यांच्या हातचे बरं का! यांच्यामुळे आमची चूल पेटते." मग त्याची नजर टाचेकडे गेली. "अरेरे. वहिनी, तुम्ही बसा जीपमध्ये. घरच्या माणसाकडून भाडं घेतलं तर पाप लागेल मला."

बायकोनं पेंटरकडे पाहिलं.

"मग जवळची वाट कुठाय?"

"खचली, असं यांनीच मला..."

"खचलीय का हो?" तिनं खाणावळवाल्याला विचारलं.

तो हसला. "खचेल की कधीतरी."

बायको पेंटरकडे वळली. "फाट्यावरच कळलं होतं तुम्हाला. बसू या का, म्हणालात."

पेंटर हातातल्या मोज्याकडे बघत राहिला.

ती उठली. चार किलोमीटर अजून बाकी होते. तिनं तीन पावलं टाकली, चौथं काही पडेना. बाकाची कड धरून ती उभी राहिली आणि तिथेच रडली. सतरा दिवसांत एकदाही रडली नव्हती. जेवणाऱ्यांपैकी कुणी ताटातून मान वर केली नाही. मग नाक पुसून, भिंत धरत, एका पायावर ती जीपपर्यंत गेली. पायरीवर पाय ठेवताना तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

पेंटर पिशव्या घेऊन तिच्या मागोमाग चढायला गेला. तिनं पिशव्या तेवढ्या आत ओढल्या आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही चालत या."

"येतो की. चार तर किलोमीटर आहेत इथून."

"इथून नाही," ती म्हणाली. "फाट्यापासून."