यंदा नाटक छोटं

विजयादशमीनंतर होणाऱ्या आळीच्या नाटकाचा निर्माता म्हणजे हॉल, पडदा, चहा आणि नटांचे रुसवेफुगवे सांभाळणारा हक्काचा गडी. बंगालमधल्या कृष्णनगरच्या क्लबात हे काम वर्षानुवर्षं पुलकच्याच गळ्यात होतं. यंदा दिग्दर्शकाने त्याच्यावर आणखी एक काम ढकललं. ऐंशीच्या घरातले नृपेनजेठू, म्हणजे सगळ्या आळीचे थोरले काका, हल्ली संवाद विसरतात, त्यांना नाटकातून काढायचं.

खरं कारण सांगायला पुलकची जीभ रेटेना. तो म्हणाला, "जेठू, हल्ली प्रेक्षकच येत नाहीत हो. म्हणून यंदा नाटक छोटं केलंय, त्यात तुमची भूमिकाच उरली नाही."

"मग तू तरी काय करणार, बाबा!" म्हणत जेठूंनी उलट त्याचीच पाठ थोपटली.

दुर्गेचं विसर्जन झालं. थोरांच्या पाया पडायला सगळी आळी घरोघर फिरली. पुलकने तेवढं जेठूंचं दार चुकवलं.

नाटकाच्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुलक चक्रावला. "बौदी, एवढी माणसं आली कुठून?" त्याने दारावर तिकिटं फाडणाऱ्या मितालीवहिनीला विचारलं.

"म्हणजे तू जेठूंच्या पाया पडायला गेलाच नाहीस? अरे, यंदा त्यांची एकच अट होती. आशीर्वाद हवा, तर सहकुटुंब नाटकाला यायचं!"

 

आपली खुर्ची कुणाला तरी देऊन मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले जेठू त्याला बघून हसले. "बघ पुलक, प्रेक्षक आले. आता पुढच्या वर्षी मला घेशील ना रे?"