भोपळ्याचा डाव

महानंदाकाकूंनी स्वतःच फासे आणून सतरंजीवर ठेवले. मलप्पाचे फासे. धुऊन आणलेले असावेत. वीस बाजूंच्या निळ्या फाशाच्या आकड्यांत साचलेला मळ गेला होता.

"खेळा," त्या म्हणाल्या. "ह्या घरात आता कुणी मोठ्यानं बोलतच न्हाई. तुम्ही तरी खेळा."

रुद्राणीनं भीमाशंकरकडं पाहिलं, भीमाशंकरनं सिंधूकडं. मलप्पा गेल्यानंतर तिघं पहिल्यांदाच या खोलीत आले होते, तेही त्याच्या आईनं, काकूंनी, फोन करून बोलावलं म्हणून. अकरावीपासून रविवारची दुपार त्यांची इथंच जायची. रुद्राणी गोष्ट सांगायची. बाकीचे तिघं गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचे, आणि वार लागला की हुकला ते फाशावर ठरायचं. गोष्ट एकच, कॉलेज संपलं तरी न संपलेली. मलप्पा तिच्यातला लढवय्या. पहिल्या दिवशी त्याचा एक फासा धड पडला नाही, म्हणून लढवय्याचं नाव पडलं भोपळ्या, ते कायमचंच.

"कुठं थांबलं होतं आपलं?" भीमाशंकर काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"बर्फाच्या घाटात." उत्तर काकूंकडून आलं. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून बसल्या होत्या. "राक्षसाची गुहा आली होती. भोपळ्या पुढं, तुम्ही दोघं मागं. त्याच्या खांद्यात बाण घुसलेला."

तिघंही चपापले.

"भाकरी थापत ऐकायचे की सगळं. तुम्हाला वाटायचं, काकूला काय कळतंय."

बाहेर ऊन रणरणत होतं. टँकर येणार म्हणून गल्लीभर घागरींची रांग लागली होती आणि 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'च्या फाटक्या फलकाखाली जेवढी सावली होती तेवढ्यात बायका दाटीनं बसल्या होत्या. रुद्राणीनं दार लावून घेतलं, सतरंजीवर येऊन बसली आणि घसा खाकरून गोष्ट सुरू केली. घाटात वारं सुटलंय. गुहेतून धूर येतोय. सिंधूनं मशाल पेटवली. भीमाशंकरनं दगडाआड दबा धरला. मग सगळ्यांची नजर सवयीनं खिडकीखाली गेली. मलप्पाची ती जागा कुणी न ठरवता रिकामी सोडली होती.

रुद्राणी घाईघाईनं पुढं जाऊ लागली.

"भोपळ्याचा डाव राहिला," काकू म्हणाल्या.

त्या उठून आल्या. खिडकीखाली नाही, त्या जागेच्या शेजारी बसल्या. फासे ओंजळीत घेतले.

"काय करायलाय भोपळ्या?" रुद्राणीच्या तोंडून निघून गेलं. इतकी वर्षं ती हे असंच, याच आवाजात विचारत आली होती.

"गुहेत जात न्हाई. माघारी फिरतो."

"काकू, आत लई मोठा खजिना हाय," भीमाशंकर हळूच म्हणाला. "एवढं त्याच्यासाठीच तर आलो आपण."

"बाण लागलाय त्याला. घरी जायलाय तो." काकू रुद्राणीकडं वळल्या. "त्याचं घर कुठं हाय गं?"

रुद्राणीनं राज्यं रचली होती, समुद्र, जळालेली शहरं, बोलणारे डोंगर. भोपळ्याला घर दिलं नव्हतं. त्यानंही कधी मागितलं नव्हतं.

"घाट उतरून खाली," ती म्हणाली. "बर्फ संपला की काळं रान लागतं. रानाच्या कडेला गाव हाय."

"पाणी हाय का गावात?"

"हाय, काकू. ओढा हाय."

"वाहता?"

"वाहता. गुडघाभर."

काकूंनी मान हलवली. "मग हातपाय धुतो तिथं. बाण काढून टाकतो." मग ओंजळीतले फासे खुळखुळवत म्हणाल्या, "वाटेत कुणी आडवं येईल का त्याला?"

"ते फाशावर हाय."

काकूंनी डोळे मिटून फासा टाकला. तो घरंगळत सिंधूच्या गुडघ्यापाशी थांबला. सिंधूनं आकडा पाहिला आणि चटकन तो मुठीत घेतला.

"सुटला," ती म्हणाली. "कुणी न्हाई अडवलं."

किती पडले, ते कुणी विचारलं नाही.

शेतातल्या विहिरीचा गाळ काढताना वरून दरड कोसळली होती. दवाखान्यातून मलप्पाला परस्पर मसणवट्यात नेलं. घरी नको, आईला बघवणार नाही, असं भावकीतल्या मोठ्या माणसांनी ठरवलं होतं. काकू इकडं, त्याला घरी आणतील म्हणून, पाण्याचं पातेलं चुलीवर ठेवून दाराकडं बघत बसल्या होत्या. रुद्राणी तेव्हा त्यांच्याजवळ होती. तिलाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

"मग?" काकू म्हणाल्या. "पोचला का?"

"पोचला." रुद्राणीला स्वतःचा आवाज परका वाटला. "अंगणात आलाय. कडी वाजवायलाय." आता थांबावं असं तिला वाटत होतं, पण थांबता येईना. "दार कोण उघडतंय, काकू?"

काकूंनी गुडघ्यावर हात रोवून स्वतःला उठवलं. पदर नीट केला. खोली ओलांडून गेल्या, रस्त्याकडच्या दाराची कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीला लागेपर्यंत उघडल्या. उन्हाची झळ आत आली. बाहेर अंगणात कुणी नव्हतं.

काकू उंबऱ्यापाशी जराशा बाजूला सरकल्या, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशा.

आणि रुद्राणीनं सतरंजीवर पसरलेले पाय जवळ ओढून घेतले.