म्हातारी हत्तीण काय म्हणते

मोबाइलमधला ससा तावातावाने काहीतरी बोलला. कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता प्रयागबाईने नातीला विचारलं, "काय म्हनते वं तो?"

पिक्चर इंग्रजी होता. त्यात ससे, अस्वलं, हत्ती सगळेच घडाघडा बोलत होते आणि प्रयागबाईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण राधिका रिसोडच्या इंग्रजी शाळेत केजीत होती, गळ्यात टाय लावून जायची. तिला नाही कळणार तर कोणाला? खरं तर राधिकालाही ओ की ठो कळत नव्हतं. पण आजीपुढे तसं कबूल करेल तर ती राधिका कसली?

"ससा म्हनते, सामान न्यायले गाडी सांगतली," ती म्हणाली. "दसऱ्याच्या नंतर येईन."

"कायचं सामान?"

"पलंग, गॅस, कूलर."

प्रयागबाईचे हात थांबले. सशाच्या बिळात कूलर काही दिसत नव्हता.

संशय तसा तिला आधीपासूनच होता. पोळा होऊन गेला तरी गोपालने वांग्याचं रोप टाकलं नव्हतं. शेणखत घालून वाफा तिने स्वतः तयार करून ठेवला, बी कोनाड्यातल्या गाडग्यात तसंच पडून. विचारलं की लेक म्हणायचा, "टाकू ना माय." ज्याला पुढच्या हंगामात भाजीपाला करायचा आहे तो रोपाची वेळ अशी हातची घालवत नाही. आणि खताची गोणी आणायला कोणी इस्त्रीचा शर्ट घालून जात नाही. आज गोपाल तसाच गेला होता.

पडद्यावर सशीण आली.

"ही काय म्हनते?"

"ही म्हनते, तिसऱ्या मजल्यावर त्याईच्यानं चढनं होईन काय? गुडघे पाहा त्याईचे." राधिकाने मान अगदी आपल्या आईसारखी झटकली. "मंग ससा म्हनते, हळू बोल, पोरगी जागी हाय."

प्रयागबाईने लुगडं गुडघ्यांवर ओढून घेतलं, जणू कोणी आत्ताच ते तपासायला येणार होतं. आपल्याला इथे टाकून ही तिघं निघून जातील, या एकाच भीतीने तिला हल्ली घास गोड लागत नव्हता.

पिक्चरमध्ये आता झाडाखाली एक म्हातारी हत्तीण दिसली. ती तोंड उघडत नव्हती, नुसती रस्त्याकडे पाहत होती.

"अन् ही?" प्रयागबाईचा आवाज उतरला होता. "ही काय म्हनते?"

राधिकाने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन हत्तिणीकडे पाहिलं.

"ही काहीच नाई म्हनत," ती म्हणाली. "तिले अजून कोनी सांगतलंच नाई."

तेवढ्यात भेंडीची टोपली घेऊन रूपाली मागच्या वाफ्यातून आली. तिने लेकीकडे पाहिलं, मग सासूच्या थांबलेल्या हातांकडे. टोपली कमरेवरच राहिली.

"काय सांगून राह्यली होती ही, आत्याबाई?"

"काई नाई, पिक्चरातलं." प्रयागबाईने हातातल्या जुडीची गाठ आवळली. "इंग्रजी हाय ते. मले कुठी समजते."

रूपालीने मोबाइल उचलून बंद केला. गुडघ्यांवर हात देत प्रयागबाई उठली, कोनाड्यातलं बियाचं गाडगं घेतलं आणि वाफ्याकडे निघाली.