खूण केलेली ओळ

कीर्तनाला लोक जमले होते, तरी कीर्तन करणाऱ्या इंदुमतीबाई देवळाच्या ओवरीतून उठेनात. "हे आल्याशिवाय उभी कशी राहू? पेटी कोण धरणार?"

त्यांची मुलगी वृंदा दमून खांबाला टेकली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. विस्मरणाच्या आजारानंतर आईच्या आठवणी घरच्या सर्व्हरवर ठेवलेल्या होत्या आणि तिथून तिच्या डोक्यातल्या चिपमध्ये येत. वीज जाऊन आली, की तो बाबा असतानाच्या जुन्याच आठवणी उघडून बसे. मग वृंदा हाताने नव्या लावी आणि बाबा गेल्याचं आईला पुन्हा नव्याने कळे.

आज तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि चूक सापडली. कोणत्या आठवणी उघडायच्या, ते एका फाइलमध्ये लिहिलेलं असे. बाबांच्या वेळची ओळ तिला पुसवली नव्हती. वाचली जाऊ नये म्हणून तिने त्या ओळीच्या सुरुवातीला फक्त खूण केली होती. सर्व्हर सुरू करणारी स्क्रिप्ट खूण न बघताच तीच ओळ उचलत होती.

"तोंड का असं? बाबांशी भांडलीस?"

"नाही गं. जरा डोळे मीट."

स्क्रिप्ट दुरुस्त झाली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला. इंदुमतीबाईंनी डोळे उघडले आणि शेजारच्या पेटीवरून हात फिरवला.

"हे नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाहीत, आई. आता परत परत नाही कळणार. ती ओळ पुसूनच टाकते."

"पुसू नकोस. खूण आहे तेवढी पुरे." पदर खोचून त्या उठल्या. "चल, पेटी धर. देव कधीचा ताटकळलाय. चुकलीस तर मी सांभाळून घेईन."