तब्येत ठीक

हरेश मेला. तसं काही झालंच नाही. तो उठला, पँट झटकली आणि गेटवर येऊन रांगेत उभा राहिला. रांगेत तो एकटाच होता.

"घाबरू नका काका," अमोल म्हणाला. "ह्या गेममध्ये मेलं की माणूस गेटवर परत येतो. हेल्मेट घ्यायचं, पाना घ्यायचा, पुन्हा आत."

"म्हंजे संपतच नाय," नाथाकाका म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

नाथाकाका धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर बावीस वर्षं वॉचमन. दुपारच्या पाळीला जाता जाता ते रोह्यात अमोलच्या खोलीवर थांबले होते, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. अमोल गेम बनवत होता. आत प्लांटमध्ये मारामारी कितीही भारी असो, मेल्यावर माणूस जिथे परत येतो ती जागा मनात बसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ती जागा म्हणजे कंपनीचं गेट, तेव्हा खऱ्या वॉचमनने येऊन चुका काढाव्यात, असं त्याने फोनवर फार गोड बोलून सांगितलं होतं.

गेममधल्या माणसाचं नाव हरेश. अमोलच्या थोरल्या भावाचंही हरेशच. त्याच कंपनीत होता. तो मात्र एकदाच मेला, मार्चमध्ये.

कंपनीच्या मते तो आत मेलाच नव्हता. रजिस्टरात नोंद होती: हरेश, बाहेर ११.४०, तब्येत ठीक. नाव नाथाकाकांच्या अक्षरात. गेटवर 'अपघाताविना दिवस' असा फलक होता, त्यावर त्या दिवशी २११ आकडा होता आणि दुसऱ्या दिवशी २१२. आपला भाऊ त्या गेटातून चालत गेला नाही, एवढंच अमोलला काकांच्या तोंडून ऐकायचं होतं. चारदा सरळ विचारून झालं होतं. चारही वेळा काका भाताच्या रोपांवर बोलले. म्हणून मग त्याने सहा महिने खपून गेम केला.

काका मन लावून मरत होते. पहिल्या मजल्यावर व्हॉल्व्हने हरेशचा उजवा हात खांद्यातून उपटला. दुसऱ्यावर ड्रमांनी त्याला मधे घेऊन चेचलं. तिसऱ्यावर पंपाने पायांकडून आत ओढून दुसऱ्या तोंडाने बाहेर टाकला, तेव्हा तो माणूस कमी आणि चटणी जास्त होता. चित्रं पेणच्या ऋतुजाने काढली होती. तिच्या घरचा गणपतीचा कारखाना, त्यामुळे हात नेमका कुठून तुटतो हे तिला पाठ.

मेला की तो गेटवर यायचा. फलकावरचा आकडा एकाने वाढायचा. हा अमोलचा विनोद. आणि केबिनमधला वॉचमन मान वर न करता म्हणायचा, "बाहेर. तब्येत ठीक. सही कर."

काकांनी त्या वॉचमनला ओळखलं असणारच, पण ते नुसत्या चुका काढत राहिले. पेन दोरीने डावीकडे बांधलेलं असतं. कंत्राटी माणसाचं हेल्मेट पिवळं. खुर्चीचा एक हात मोडका हाय, त्याच्यावर टेकलं की साहेबसुद्धा पडतो. अमोल निमूट लिहून घेत होता. टेबलावर हरेशचा खरा पाना पडला होता. ऋतुजाला दाखवायला काढलेला, तो कपाटात परत गेलाच नव्हता.

चौथ्या मजल्यावर रिॲक्टर होता. त्याने झाकण उघडलं आणि हरेशच्या अंगावरची कातडी शर्टासकट उतरली. मग गेट. फलकावर २१९.

काकांनी कंट्रोलर खाली ठेवला.

"शर्ट उतरला नव्हता," ते म्हणाले. "चिकटलेला होता."

अमोल लिहायचा थांबला.

"चालत नाय गेला तो. चौघांनी ताडपत्रीत घालून आणला. मी गेटचा दांडा वर केला. तोंड ओळखू येत नव्हतं, टोकन बघून नाव लिहिलं."

"आणि तब्येत ठीक?"

"ते छापलेलंच असतं रे. आपण फक्त नाव टाकायचं."

पाना अमोलच्या हातात कधी आला ते त्याचं त्याला कळलं नाही. हे ऐकलं की काहीतरी संपेल, असं त्याला सहा महिने वाटत होतं. काहीच संपलं नाही. उलट काकांच्या टकलावरची एक शीर उडताना दिसायला लागली आणि मारायला जागा छान आहे, असं वाटलं. त्याने पाना डोक्यावर उचलला.

काकांनी पान्याकडे पाहिलं. डब्याची पिशवी उचलून खाली ठेवली, सांडायला नको म्हणून.

"मार. पण एक चूक राह्यली ती सांगतो. ह्या गेटाला आत जायचाच रस्ता हाय. घरी जायचा कुठं?"

"घरी गेला तर गेम संपतो, काका."

"मग?"

पडद्यावर हरेश नवीन हेल्मेट घेऊन उभा होता, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत. शिफ्टची बस उशिरा आली की खरा हरेश तसाच उभा राहायचा. ती हालचाल बसवायला अमोलला तीन आठवडे लागले होते.

केबिनच्या भिंतीवर सूचनापेटी होती. तिच्यात खेळणाऱ्याला काहीही लिहून टाकता यायचं आणि ते कुठेही पोचायचं नाही. हा अमोलचा दुसरा विनोद. काकांनी कीबोर्ड जवळ ओढला. दुपारची पाळी लागून गेली. अमोलचा हात वर अवघडून गेला तरी पाना खाली येईना. काका एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहीत होते:

'मा. मॅनेजर साहेब यांस. विषय: कामगार हरेश, टोकन नं. ३१७. वरील कामगार वारंवार गेटवर परत येत आहे. त्याची तब्येत ठीक नाही. तरी त्यास येथून पुढे कोणत्याही पाळीस आत न घेता घरी सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.'