वर आलेला धागा

प्रभंजनने सकाळी संगणक लावला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पानावर सगळ्यात वर त्याचाच चर्चेचा धागा झळकत होता : 'आमच्या मीनाक्षीचं लग्न ठरलं!' धागा दोन वर्षांपूर्वीचा, २००४ सालचा. धाकट्या बहिणीचं ते लग्न साखरपुड्यानंतर मोडलं होतं.

धारवाड-हुबळीच्या मराठी माणसांचं हे इंटरनेटवरचं मंडळ प्रभंजन सप्तापूरच्या आपल्या घरातून चालवायचा. जुन्या धाग्याला कुणी उत्तर दिलं की तो पुन्हा पानाच्या वर यायचा, म्हणून 'जुने धागे वर काढू नयेत' हा नियम त्याने लाल अक्षरांत टाकला होता. पण नियम पाळतील तर ते श्रीहरीकाका कसले! उणकलचे हे निवृत्त पोस्टमास्तर. घरी नुकतंच इंटरनेट आलेलं. पोथी वाचावी तसे ते मंडळाच्या पहिल्या पानापासून वाचत सुटले होते आणि दिसेल त्या धाग्याला उत्तर देत होते. पत्राला उत्तर न देणं त्यांच्या लेखी महापाप. कुणाला कधीकाळी ताप आला होता, त्याला त्यांनी परवा काढा सांगितला. हरवलेल्या मांजराची चौकशी केली. मांजराच्या मालकाची बदली होऊनही जमाना लोटला होता.

तेवढं प्रभंजनने दात-ओठ खाऊन सोसलं. पण आता काकांनी लिहिलं होतं, 'चि. मीनाक्षीचे कार्य कसे पार पडले? सविस्तर कळवावे.' त्याखाली बाकीच्या शहाण्यांनी नुसता मथळा पाहून अभिनंदनाचा पाऊस पाडला होता. आणि येत्या रविवारी मीनाक्षीला बघायला हुबळीचे पाहुणे यायचे होते. मुलगा याच मंडळाचा सभासद! मोडलेल्या लग्नाचं त्यांच्या कानावर घातलेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात तर मीनाक्षीला त्रास नको म्हणून त्या लग्नाचं कुणी नावही काढत नसे.

त्याने काकांना फोन लावला.

"काका, लिहिण्याआधी तारीख तरी बघायची!"

"बघितली की रे, तम्मा. दोन वर्षं झाली म्हणूनच विचारलं. ठरलं म्हणून कळवलंस, पुढं काहीच नाही तुझं."

"जुनं उकरून काढू नये काका, एवढंच," असं म्हणून त्याने फोन आपटला आणि तो धागा पुसायला बसला.

"पुसू नकोस, अण्णा."

मीनाक्षी मागे उभी होती. तिने सगळं वाचलं होतं.

"अगं, रविवारचे पाहुणे वाचतील हे!"

"वाचू देत की. सरक तिकडं."

तिने त्याला खुर्चीवरून उठवलंच. प्रभंजन बाजूला उभा राहून चरफडत होता. या म्हाताऱ्याला मंडळातून काढूनच टाकायचं, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. मीनाक्षी एकेक अक्षर शोधत टाइप करत होती. मग त्याला पडद्यावर वाचता आलं :

'श्रीहरीकाका, ते लग्न मोडलं. मी पुष्कळ रडले. पुढं काय झालं, असं मला विचारणारे तुम्ही पहिलेच.'